बसरा मोत्यांचा तन्मणी: गावभागातून लिलावापर्यंत दहा महिने

९ ऑक्टोबरला आत्याच्या खात्यात ३,६८,८५० रुपये जमा झाले आणि जानेवारीत हाती घेतलेलं काम एकदाचं मार्गी लागलं. या दहा महिन्यांत मी किती जणांना काय काय विचारलं याची गणती नाही. मराठीत शोधायला गेलं की ‘खरा मोती कसा ओळखावा’ याच्या पलीकडे काही सापडत नव्हतं. म्हणून आठवतंय तोवर सगळं लिहून ठेवते आहे. कुणाच्या कपाटात असा दागिना असेल, तर त्याला उपयोग होईल.

दागिना म्हणजे आजीचा तन्मणी. तीन सर, मधे हिरवं मीनाकाम केलेलं खोड, म्हणजे पदक, मागे रेशमी गोंडा. आमच्या पणजीचा एक फोटो आहे, स्टुडिओत खुर्चीवर बसून काढलेला. त्यात तिच्या गळ्यात हा तन्मणी दिसतो. फोटोच्या मागे शाईनं ‘मे १९१७’ लिहिलंय. पुढे १९४१ साली आजी लग्न होऊन सांगलीत आली तेव्हा पणजीनं तो तिच्या गळ्यात घातला. घरात त्याला कुणी तन्मणी म्हणायचं नाही, ‘बसऱ्याचे मोती’ म्हणायचे. आजी सणाला घालायची, उतरवला की मऊ मलमलीनं पुसायची आणि हळदीच्या हातानं कुणाला शिवू द्यायची नाही.

१९९८ साली आजी गेली. त्यानंतर तन्मणी आणि तिची नथ बँकेच्या लॉकरमध्ये गेली आणि आम्ही निर्धास्त झालो.

मग २०१९ चा महापूर आला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. गावभागातल्या, म्हणजे जुन्या सांगलीतल्या आमच्या घरात माडीच्या पायऱ्यांपर्यंत पाणी, आणि लॉकर ज्या इमारतीत होता तिथं तळमजला पूर्ण बुडालेला. लॉकर उघडायला मिळाला तो जवळजवळ तीन आठवड्यांनी. स्टीलच्या डबीतून आधी गढूळ पाणी आलं, मग मखमलीच्या कापडाचा लाल रंग. तन्मण्याचे दोन सरांचे दोरे कुजून तुटले होते आणि मोती गाळात विखुरलेले. ते मी ताटात एकेक करून वेचले. आई शेजारी बसून मोठ्यानं मोजत होती. २१३ भरले. एकही कमी नव्हता.

(लॉकरवाल्यांसाठी एक सांगते. रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासून लागू झालेले नियम वाचून ठेवा. आग, चोरी किंवा बँकेच्या माणसाची अफरातफर यात भरपाई वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट मिळते. पूर, भूकंप यांची जबाबदारी बँकेवर सहसा येत नाही. आम्हाला हे पुरानंतर कळलं.)

पुढची पाच वर्षं ते मोती तसेच पुडीत बांधून कपाटात होते. बाबा २०१६ सालीच गेले होते. यंदा संक्रांतीला दादा पुण्याहून आला, आत्याही मिरजेहून आली. तिळगूळ झाल्यावर आईनं पुडी सगळ्यांसमोर ठेवली. म्हणाली, “माझ्याच्यानं आता हे सांभाळणं होत नाही. काय ते ठरवा.”

पहिला विचार प्रत्येकाच्या मनात येतो तोच आला, की वाटून घेऊ. तीन सर आहेत, एकेक सर एकेका घराला. आत्या लगेच नाही म्हणाली. “तोडलंत तर तो तन्मणी राहणार नाही आणि सरही राहणार नाहीत,” असं तिचं म्हणणं. ती किती बरोबर होती ते मला नंतर कळलं. जुळलेल्या मोत्यांच्या मालेला जी किंमत येते ती सुट्या मोत्यांना येत नाही. त्या दिवशी एवढंच ठरलं की नथ ठेवायची, तन्मणी विकायचा आणि पैसे वाटून घ्यायचे. जबाबदारी माझ्यावर आली, कारण सांगलीत मी एकटीच.

पेठेत गेले. पहिल्या दुकानात तन्मणी सरळ काट्यावर गेला. मोत्यांचं वजन अंदाजानं वजा, खोडाचं आणि आकड्याचं मिळून ९ ग्रॅम सोनं धरलं आणि साठ-पासष्ट हजारांचा हिशेब कागदावर आला. मोत्यांचे म्हणून वर पाच हजार. वाईट वाटलं, पण मी त्यांना लबाड म्हणणार नाही. त्यांचा धंदा सोन्याच्या वजनाचा आहे, समोर आलेल्या वस्तूत त्यांना तेच दिसतं.

दुसरे सराफ वयस्कर होते. त्यांनी काटा बाजूला सारला, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ एकच मोती चिमट्यात धरून फिरवत राहिले. मग भिंग माझ्या हातात दिलं. “ताई, भोक बघा.” सुईचं टोक जेमतेम जाईल एवढं बारीक भोक होतं. त्यांनी सांगितलं, जुने लोक कामठ्याच्या सामत्यानं, म्हणजे धनुकलीनं फिरवायच्या गिरमिटानं, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं भोक पाडायचे, कारण मोत्याचा कण वाया गेला की वजन जायचं आणि वजन गेलं की किंमत. पुढचं त्यांचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं: “मोती तोळ्यावर जात नाही, चवीवर जातो.”

चव हे मोत्यांच्या बाजारातलं जुनं माप. मोत्यांच्या वजनाचा वर्ग करायचा, त्याला मोत्यांच्या संख्येनं भागायचं आणि ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. म्हणजे एकाच प्रतीचे दोन मोती असले आणि एकाचं वजन दुसऱ्याच्या दुप्पट असलं, तर त्याची चव चौपट. दहा लहान मोती मिळून एका मोठ्याची बरोबरी का करत नाहीत, ते या हिशेबात आहे.

त्यांनी मला तीन गोष्टी करू नका म्हणून सांगितल्या, त्या सगळ्यांनी लक्षात ठेवाव्यात. धुऊ नका. गाठवून घेऊ नका. विकायची घाई करू नका. मी तर रिठ्याच्या पाण्यात भिजवून ठेवायच्या बेतात होते! मोती हा दगड नव्हे, शिंपल्यातल्या जिवानं थरावर थर चढवून केलेला पदार्थ आहे. साबण, लिंबू, व्हिनेगर, अत्तर, सगळ्यानं तो खराब होतो. पुराचा गाळ असूनही त्यांनी फक्त किंचित ओलसर मऊ कापडानं पुसायला सांगितलं.

दाताला घासून बघायची युक्ती घरोघरी सांगतात. खरा मोती दाताला किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत, हे खरं आहे. पण कल्चर मोती, म्हणजे माणसानं शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला, तोही खराच असतो, तोही खरखरीतच लागतो. नैसर्गिक आणि कल्चर यांतला फरक दाताला कळत नाही, आणि खरी किंमत तर त्या फरकातच आहे. आखाती समुद्रातले, बहरीनच्या आसपास पाणबुड्यांनी काढलेले मोती बसऱ्याच्या, म्हणजे इराकमधल्या बंदराच्या, नावानं मुंबईच्या बाजारात यायचे. जपानमधल्या मिकिमोटोंचे कल्चर मोती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत बाजारात उतरले, त्यात १९२९ नंतरची मंदी आली आणि आखातातला तो धंदा बसला. म्हणून १९१७ चा फोटो हा आमच्यासाठी फार मोठा दुवा ठरला. तुमच्याकडे असा फोटो, जुनी पावती, देण्याघेण्याची यादी असेल तर ती दागिन्याइतकीच जपा.

फेब्रुवारीचा महिना कागदांत गेला. माझी समजूत होती की आजीचा दागिना म्हणजे बाबांचा, आणि बाबांचा म्हणजे आमचा. वकिलांनी समजावलं की तसं नाही. दागिना आजीचा स्वतःचा, तिचं मृत्युपत्र नाही आणि आजोबा तिच्या आधी गेलेले. मग हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तिचे वारस म्हणजे तिचा मुलगा आणि मुलगी, दोघं सारखे. निम्मा हिस्सा आत्याचा. बाबांच्या निम्म्यात आई, दादा आणि मी, म्हणजे प्रत्येकी एक षष्ठांश. हे ऐकून घरी शांतता पसरली होती हे खरं. पण दादानंच आत्याला फोन केला, “आत्या, अर्धा तुझा आहे, आम्हाला माहीत नव्हतं,” म्हणून. आत्या त्यावर काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी आधार कार्डाची झेरॉक्स पाठवून दिली.

कोर्टातून वारस दाखला काढायचा तर काही महिने जातात. ज्या लिलावगृहामार्फत तन्मणी विकायचा विचार होता, त्यांना आधी विचारून घेतलं, तेव्हा त्यांनी चौघांचं एकत्र प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि आजी व बाबा या दोघांचे मृत्यूचे दाखले चालतील असं कळवलं. तुम्हीही आधी विचारा, दोन-तीन महिने वाचतात. सांगलीतच विजयनगरला कोर्टापाशी नोटरीकडे काम झालं. स्टॅम्प पेपर आता पाचशेचा लागतो, शंभराचा चालत नाही. दोन कागदांचे स्टॅम्प, नोटरी आणि टायपिंग मिळून २,१०० रुपये. आजीचं नाव एका कागदावर ‘लक्ष्मीबाई’ आणि दुसऱ्यावर ‘लक्ष्मी’ होतं, त्यासाठी ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं आणखी एक प्रतिज्ञापत्र करावं लागलं आणि आत्याला मिरजेहून पुन्हा यावं लागलं. सह्यांच्या दिवसाआधी सगळ्या कागदांवरची नावं अक्षर न् अक्षर ताडून बघा.

२४ फेब्रुवारीला मोती घेऊन मुंबईला गेले. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं, दादा पुण्याला गाडीत चढला. तुटलेल्या सरांचे मोती पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने गाठवणाऱ्याकडून, आकारानं लावून घेतले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत, दहा-दहाच्या पुड्या करून आणि वर आकडे घालून. शाबूत राहिलेला मधला सर तसाच ठेवला होता. डबी माझ्या पर्समध्ये आणि पर्स रात्रभर पोटाशी. झोप लागली नाही.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत सगळं आपल्यासमोर मोजून, वजन करून, फोटो काढून घेतात आणि पावती देतात. २१३ मोती, वजन साधारण ९५ कॅरट. आमचे मोती अडीच ते साडेपाच मिलिमीटरचे. मी विचारलं, आत नक्की बघता तरी काय? तिथल्या मुलीनं फार छान समजावलं. क्ष-किरणांत नैसर्गिक मोती कापलेल्या कांद्यासारखा दिसतो, मधल्या बारीक ठिपक्याभोवती एकात एक वर्तुळं. कल्चर मोत्याच्या पोटात शिंपल्याच्या कवचाचा घडवलेला मणी असतो, त्याची गोल कड वेगळी ओळखू येते. गोड्या पाण्याचा की समुद्रातला, तेही वेगळ्या तपासणीत कळतं. फी ४६,००० रुपये झाली, ती चौघांनी हिश्श्याप्रमाणे भरली.

अहवाल यायला २५ दिवस लागले. २१ मार्चला तो फोनवर उघडला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये होते. १९७ मोती नैसर्गिक, खाऱ्या पाण्याचे. १६ मोती कल्चर.

ते सोळाही मधल्या सरात होते, सलग, मागच्या बाजूला, गोंड्याजवळ. म्हणजे मानेवर, केसांखाली, जिथं कुणाचं लक्ष जात नाही तिथं. चुकून बदलले गेले असते तर ते इथंतिथं विखुरलेले असते. कुणीतरी विचार करून ती जागा निवडली होती. आत्याला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ अहवालातल्या फोटोकडे बघत राहिली. “बहात्तरच्या दुष्काळात आईनं काहीतरी मोडलं होतं. काय ते आम्हाला कधीच सांगितलं नाही.” याहून जास्त आता कुणालाच माहीत नाही. पण आजी तो तन्मणी घालून बसायची तेव्हा तिला मागचे सोळा मोती कोणते ते ठाऊक असणार, हे माझ्या मनातून जात नाही.

आम्हाला दोघा-तिघांनी सुचवलं की ते सोळा काढून टाका आणि ‘सगळे नैसर्गिक’ म्हणून विका. आम्ही तसं केलं नाही. लिलावगृहानंही सोळांचा उल्लेख वर्णनात स्पष्ट लिहिला. आधी त्यांनी ९ ते ११ लाखांचा अंदाज दिला होता, तो ७ ते ९ लाखांवर आला.

एप्रिलमध्ये करार झाला. चार पानी, इंग्रजीत. दादा आणि मी दोनदा वाचला. राखीव किंमत, म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही ती, साडेसहा लाख ठरली. विक्रेत्याचं कमिशन १० टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, फोटो आणि विमा मिळून १२,०००. बोली लागली नाही तर परत न्यायचा खर्च कुणाचा, हे मी तोंडी विचारलं आणि लेखी घालून घेतलं. तुम्हीही घ्या.

आणखी एक. दागिना शंभर वर्षांहून जुना, म्हणजे १९७२ च्या कायद्याप्रमाणे तो पुरावस्तू ठरतो आणि देशाबाहेर नेता येत नाही. दरम्यान एका ओळखीच्याच्या ओळखीतून व्हॉट्सॲपवर निरोप आला होता, परदेशातला गिऱ्हाईक आहे, दुप्पट देतो, कागद लागत नाहीत. असल्या निरोपांना उत्तरसुद्धा देऊ नका. लिलावगृहाकडे अशा वस्तूंचा परवाना आहे ना, ते मी आधीच बघून घेतलं होतं.

आणि बडोद्याच्या मोत्यांच्या बातम्या वाचून मनात आकडे मांडू नका. गायकवाडांच्या मोत्यांची दोन पदरी माळ २००७ साली न्यूयॉर्कला ७० लाख डॉलरच्या वर गेली, हे सगळेच सांगतात. त्यातले मोती १६ मिलिमीटरपर्यंतचे होते. चवीचा हिशेब आठवला की आपले चार मिलिमीटरचे मोती कुठं बसतात ते कळतं. बातमीतल्या किमतीत बहुतेक वेळा खरेदीदारानं वर भरलेलं शुल्कही धरलेलं असतं, ते विकणाऱ्याला मिळत नाही.

मे ते ऑगस्ट नुसती वाट बघणं. जुलैत कॅटलॉग आला. आत्यानं भिंग घेऊन आमच्या पानावरचं सगळं वाचून काढलं आणि विचारलं, “यात आईचं नाव कुठंय?” नाव नव्हतं. ‘महाराष्ट्रातील एका कुटुंबाकडून’ एवढंच होतं, तेही आम्हीच मागितलेलं. पणजीचा फोटो मात्र छापला होता.

लिलाव ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, ऑनलाइन, दोन दिवसांचा. पहिल्या दिवशी सहा लाखांची एक बोली पडली आणि तिथंच थांबली. राखीव किमतीच्या खाली. रात्री आईनं देवापाशी बसून काय मागितलं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी विश्रामबागच्या माझ्या घरी आम्ही चौघं लॅपटॉपसमोर. शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढतो, हे माहीत असूनही घड्याळ शून्याकडे जाताना पोटात खड्डा पडतो. सात लाख. साडेसात. मग दोघंच उरले आणि पंचवीस-पंचवीस हजारांनी चढत गेले. साडेआठ लाखांवर थांबलं. आत्या म्हणाली, “गेला,” आणि उठून पाणी प्यायली.

खरेदीदाराचे पैसे जमा होऊन आमच्यापर्यंत यायला सहा आठवडे लागले. साडेआठ लाखांतून कमिशन ८५,०००, त्यावरचा कर १५,३०० आणि ते १२,००० वजा जाऊन ७,३७,७०० आले. आत्याला निम्मे, आम्हा तिघांना प्रत्येकी १,२२,९५०.

कराचं काम आधीच सुरू करा. दागिना वारसानं आलेला आणि २००१ च्या आधीचा असला, तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावानं किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो, आणि वस्तू हातातून जाण्याआधीच तो करून घ्यावा लागतो. आम्हाला ४,००० रुपये पडले, किंमत आली ९०,०००. विक्रीतून विक्रीचा खर्च आणि ही किंमत वजा करून उरेल त्यावर १२.५ टक्के दीर्घकालीन नफ्याचा कर, वर सेस. आत्याचं बाकीचं उत्पन्न थोडं, त्यामुळे तिचा बराचसा नफा करमुक्त मर्यादेत बसतो. माझा आणि दादाचा आगाऊ कर डिसेंबरच्या हप्त्यात भरायचा आहे.

नथ दिवाळीआधी पटवेकऱ्याकडून नव्या तारेत गाठवून घेतली, साडेसहाशे रुपये झाले. तिचे आठही मोती प्रयोगशाळेत नेऊ का, असं आत्याला विचारलं. “विकायचीय का ती?” नाही म्हटलं. “मग राहू दे,” म्हणाली आणि पाडव्याला नाकात घालून बसली.